रेकॉर्ड धुवावी की नुसती पुसावी?

महालकर:
बाबांच्या लोखंडी कपाटातून चाळीसेक एलपी (प्लास्टिकच्या ग्रामोफोन रेकॉर्ड) निघाल्या आणि डझनभर ७८च्या, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या तबकड्या. वाड्यात धुळीला तोटा नाही. माझं मत सरळ आहे, रेकॉर्डला पाणी लावूच नये. फिरत्या तबकडीवर कार्बन फायबरचा ब्रश टेकवायचा, धूळ कडेला न्यायची, झालं. धुण्याच्या नादात लोक लेबलं भिजवून बसतात. कोणाला पटत नसेल तर बोला.

प्रतापनगरची ताई:
नाही पटत, दादा. ब्रश सुटी धूळ उचलतो. बोटांचा तेलकटपणा आणि पावसाळ्यातली बुरशी खाचेतच राहते. त्यात आपला नागपूरचा मे महिना! हवा इतकी कोरडी, की एलपी कोरड्या फडक्याने पुसली तरी स्थिर वीज तयार होते आणि पाकिटात जाईस्तोवर ती पुन्हा धूळ ओढते. मी डिस्टिल्ड वॉटरमध्ये भांड्याच्या लिक्विडचा एकच थेंब टाकते, मऊ ब्रश खाचेच्या दिशेने गोल फिरवते आणि नुसत्या डिस्टिल्डने दोनदा धुते. लेबलवर डब्याचं झाकण दाबून धरते.

इतवारीवाला:
एवढा थाट कायले? तीस वर्षं झाली, नळाखाली धुऊन राहिलो. एक रेकॉर्ड खराब नाही झाली.

प्रतापनगरची ताई:
काका, नळाचं की बोअरचं? काचेच्या ताटलीवर चार थेंब टाका आणि उन्हात ठेवा. आमच्या बोअरच्या पाण्याचं असं पांढरं कडं उठतं, की नखाने खरवडावं लागतं. खाच केसाएवढी बारीक. तिथे तो क्षार बसला की सुई त्यावरूनच घासत जाणार.

इतवारीवाला:
आमचं कॉर्पोरेशनचं पाणी आहे. ताटली ठेवली होती. कडं उठलं, फिकं आहे पण उठलं. तरी रेकॉर्डच्या आंघोळीसाठी पाणी विकत आणणं मले जमत नाही बाप्पा.

सीताबर्डी:
लाकडाचा पांढरा गोंद कोणी वापरला का? जाड थर द्यायचा, पूर्ण वाळू द्यायचा, अख्खा पापुद्रा सोलायचा. खाचेतली घाण त्याला चिकटून येते. खरंच येते. पण मी एकदा कूलरसमोर वाळवत ठेवली. कूलरची हवा दमट, गोंद आतून ओलाच राहिला. सोलताना तुकडे पडले. दोन संध्याकाळी टूथपिकने गोंद उकरत बसलो, ती एलपी आजही खरखरते. घाई माझीच.

फर्निचरवाला:
एलपीचं काय ते ठरवा, पण ७८ना स्पिरिट किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोल लावू नका. त्या बहुतेक लाखेच्या असतात. आपल्या पळसावर कीटक करतो, तीच लाख. सुतार पॉलिश कसं करतो? चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवूनच ना? तुमची रेकॉर्डही तशीच विरघळेल. बाजारातल्या तयार क्लीनरच्या बाटलीवरही अल्कोहोल आहे का ते आधी वाचा.

महालकर:
७८ बाजूला ठेवल्या. ताईंच्या पद्धतीने सगळ्यात कळकट एलपी धुतली, डिस्टिल्ड वॉटर मात्र बॅटरीच्या दुकानातलं. (बाटलीवर नीट वाचून घ्या, तिथे ॲसिडही विकतात.) पहिलं पाणी चहासारखं निघालं. आवाजातली सरसर गेली. दुसऱ्या गाण्यातला 'टक' तसाच आहे, तो ओरखडा. नवीन एलपींना मी अजूनही ब्रशच फिरवणार.

प्रतापनगरची ताई:
फिरवा की. फक्त धुतलेली एलपी गच्चीवर वाळत घालू नका, पंचेचाळीस डिग्रीत तिची वाटी होते. भांड्यांच्या रॅकमध्ये, पंख्याखाली उभी ठेवा.