मदत हवी आहे: अपग्रेडनंतर अक्षरं धुरकट दिसतायत, आज संध्याकाळी प्रूफ द्यायचंय

अक्षरजुळणी_सोलापूर
सोमवारी विंडोज ११ टाकून घेतलं, तेव्हापासून अक्षरं धुरकट. कडा पसरल्यासारख्या, ओल्या कागदावर शाई फुटते तशा. काल एका लग्नपत्रिकेत 'शिंदे'चं 'शिदे' छापून गेलं. अनुस्वार पडद्यावर दिसलाच नाही. ४०० पत्रिका पदरमोड करून पुन्हा छापतोय. आज संध्याकाळी अजून दोन प्रूफं आहेत, त्यातलं एक शहराच्या पूर्व भागातलं, मराठी आणि तेलुगू दोन्ही. तेलुगूची वळणं तर अजिबात कळत नाहीत. क्लिअरटाइप, म्हणजे विंडोजची अक्षरं सुबक करायची सेटिंग, करून झालंय, ते सांगू नका. लवकर सांगा.

पेंग्विनप्रेमी
लिनक्स टाका. मी २०१९ पासून उबुंटूवर आहे, एकदाही परत वळलो नाही. फुकट आहे, व्हायरसची कटकट नाही.

बाळीवेस_७७
त्यांना संध्याकाळी प्रूफ द्यायचंय हो, नवीन सिस्टीम शिकायला वेळ आहे का?
दादा, हे सांगा: कुठलं सॉफ्टवेअर? सगळीकडे धुरकट दिसतंय की एकाच ठिकाणी? मॉनिटर कोणता, रिझोल्यूशन किती, स्केल किती टक्के?

अक्षरजुळणी_सोलापूर
सॉफ्टवेअर पेजमेकर ७, पत्रिकेच्या कामाला दुसरं काय असणार? ब्राउझर आणि वर्ड स्वच्छ आहेत. मॉनिटर चांगला आहे, त्याचा प्रश्न नाही. हा फोटो बघा.

बाळीवेस_७७
हा मोबाइलने काढलेला फोटो आहे, यावरून काही कळत नाही. प्रिंट स्क्रीन घ्या आणि ते चित्र मोबाइलवर पाठवून मोठं करून बघा. त्यातही अक्षरं फुटलेली दिसली तर दोष सॉफ्टवेअरच्या बाजूला. चित्र स्वच्छ आणि मॉनिटरवरच धुरकट असेल तर केबल नाहीतर मॉनिटर.

होटगीरोड
केबलच असणार. आमच्या ऑफिसात जुनी निळी व्हीजीए केबल होती, प्रत्येक अक्षराला सावली. एचडीएमआय लावली, विषय संपला. नवी पेठेत कुठेही मिळेल.

सेटिंगवाला
एवढं कशाला? रिझोल्यूशन १३६६ बाय ७६८ करा. अक्षरं मोठी, डोळ्यांना आराम.

बाळीवेस_७७
नका करू. एलसीडीचे ठिपके ठरलेले असतात. १९२० बाय १०८० च्या पडद्यावर १३६६ चं चित्र ताणून बसवावं लागतं, मग आत्ता स्वच्छ दिसणारं वर्डही धुरकट होईल.

सेटिंगवाला
माझ्या वडिलांच्या मशिनवर दोन वर्षं असंच आहे, त्यांची काही तक्रार नाही.

बाळीवेस_७७
ते बातम्या वाचत असतील. इथे अनुस्वार शोधायचाय.

युनिकोडमित्र
मूळ दुखणं वेगळंच आहे. पेजमेकरची ही शेवटची आवृत्ती २००१ ची, तिला युनिकोड, म्हणजे सगळ्या लिप्यांची अक्षरं साठवायची आजची पद्धत, कळत नाही. तुम्ही अजून जुने फॉन्ट वापरताय, म्हणजे इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवलेले. आज ना उद्या युनिकोडवर यावंच लागेल. मी स्वतः आमच्या संस्थेचे सगळे अंक बदलून घेतले.

अक्षरजुळणी_सोलापूर
मला कळतंय, पण १४ वर्षांच्या फायली आहेत. कन्व्हर्टर लावून बघितलाय, जोडाक्षरं मोडतात, मग ओळ न् ओळ तपासा. लग्नसराईत नाही जमणार. तो वेगळा धागा काढा, मी तिथे येतो.
स्क्रीनशॉट घेतला. त्यातही अक्षरं फुटलेलीच आहेत.

बाळीवेस_७७
मग केबलचा दोष नाही. डिस्प्ले सेटिंगमध्ये स्केल किती आहे?

अक्षरजुळणी_सोलापूर
१२५. मॉनिटरही सोमवारीच बदलला ना. आधी १९ इंची चौकोनी होता, आता २२ इंची. त्यावर अक्षरं बारीक वाटली म्हणून विंडोज टाकणाऱ्या पोराला म्हटलं मोठी कर, त्याने केली.

बाळीवेस_७७
हे पहिल्या पोस्टमध्ये हवं होतं की ओ! इथंच आहे सगळं. जुनी सॉफ्टवेअरं पडदा ९६ डीपीआयचा, म्हणजे इंचाला ९६ ठिपक्यांचा, धरून चालतात. १२५ टक्के म्हणजे १२०. विंडोज काय करतं, त्या सॉफ्टवेअरला ९६ वरच अक्षरं काढू देतं आणि तयार चित्र सव्वापट ताणतं. ताणलं की कडा पसरल्या. ब्राउझर, वर्ड नवीन आहेत, ते स्वतःच १२० ला अक्षरं काढतात, म्हणून स्वच्छ.
उपाय: पेजमेकरच्या आयकॉनवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, कंपॅटिबिलिटी, चेंज हाय डीपीआय सेटिंग्ज. सगळ्यात खाली ओव्हरराइडवर टिक करा. त्यात आधी सिस्टीम एन्हान्स्ड बघा, जमलं नाही तर ॲप्लिकेशन. प्रत्येक वेळी पेजमेकर पूर्ण बंद करून उघडा.

होटगीरोड
तरीपण केबल एकदा बघाच.

जुना_खिळा
कॉम्प्युटरचं मला फारसं कळत नाही, पण सांगतो. मी छापखान्यात खिळे, म्हणजे धातूची सुटी अक्षरं, जुळवलेत, उलटी अक्षरं वाचायची सवय होती. तेव्हाही जुळवलेल्या पानावर कुणी विसंबायचं नाही, ओला कागद दाबून प्रूफ काढायचं आणि एकाने मोठ्याने वाचायचं, दुसऱ्याने मूळ कागदावर बोट ठेवायचं. पडदा कितीही स्वच्छ झाला तरी नावं कागदावर वाचा. प्रिंटरला तुमच्या पडद्याशी काही देणंघेणं नाही ना?

बाळीवेस_७७
काका, बरोबर. प्रिंट पडद्यावरून जात नाही, फॉन्टच्या मूळ रेषांवरून जाते. कागदावर स्वच्छच येणार.

पेंग्विनप्रेमी
लिनक्सवर हा प्रश्नच आला नसता.

बाळीवेस_७७
तिथे पेजमेकर कसं चालवणार, तेही सांगा मग.

अक्षरजुळणी_सोलापूर
झालं! एन्हान्स्डवर अक्षरं सुधारली, पण डायलॉगमध्ये शब्दांची शेवटची अक्षरं कापली जायची. ॲप्लिकेशन लावलं आणि अक्षर एकदम लख्ख, अनुस्वाराचा ठिपका गोल दिसतोय. टूलबॉक्स मात्र बारीक झालाय. पान मोठं करून काम चाललंय, टूलची जागा हाताला पाठ आहे.
काका, दोन्ही प्रूफं कागदावर काढली. तेलुगूवालं घरमालकांच्या सुनेला वाचायला दिलं, तिने दोन चुका काढल्या. त्या माझ्याच टायपिंगच्या.

सातरस्ता_किरण
दादा, बहिणीची पत्रिका करायचीय, मराठी आणि कन्नड. २०० नग, साधा कागद. काय दर पडेल?

अक्षरजुळणी_सोलापूर
मेसेज केलाय. नावांची यादी कन्नडमध्ये हाताने लिहून आणा, मोबाइलवर टाइप केलेली नको.