समुद्रपक्ष्यांचा मोठा वैरी प्लास्टिकच का?

दर्याखोर: मेलेल्या अल्बट्रॉसच्या पोटातून निघालेली झाकणं आणि लायटर, हा फोटो बहुतेकांनी पाहिलाय. तेव्हापासून समुद्रपक्षी म्हटलं की लोकांना प्लास्टिकच आठवतं. मला हे पटत नाही. २०११ च्या एका अंदाजानुसार लाँगलाइन मासेमारीच्या (लांबच लांब दोराला असंख्य गळ लावून केलेल्या) गळांना अडकून वर्षाला किमान १,६०,००० समुद्रपक्षी मरतात. बेटांवर जहाजांतून पोचलेले उंदीर अंडी-पिल्लं फस्त करतात. २०१४-१६ मध्ये समुद्र तापला तेव्हा एकट्या अलास्कात 'मर' (murre) जातीचे सुमारे ४० लाख समुद्रपक्षी उपाशी मेले. यापुढे प्लास्टिकचे बळी किती? पैसा आधी गळ आणि उंदरांवर खर्च व्हावा.

शिंपला_७: तुम्ही फक्त प्रेतं मोजताय! ऑस्ट्रेलियाच्या लॉर्ड हाउ बेटावरच्या शिअरवॉटर या समुद्रपक्ष्यांमध्ये २०२३ मध्ये एका आजाराला 'प्लास्टिकोसिस' असं नाव दिलं गेलं. आईबाप अन्न समजून तुकडे भरवतात, ते जठराच्या अस्तराला घासत राहतात, जखमेवर जखम होऊन तिथे निबर ऊतक तयार होतं आणि पाचकरस बनवणाऱ्या ग्रंथी नष्ट होत जातात. असं पिल्लू उडून गेलं आणि दूर समुद्रात मेलं, तर ते कुठल्या आकड्यात धरणार? डीडीटी या कीटकनाशकाचंही तेच झालं. कॅलिफोर्नियाच्या अनाकापा बेटावरचे पेलिकन दिसायला धडधाकट होते, पण कवच इतकं पातळ झालेलं की उबवायला बसले की अंडी फुटायची. १९७० मध्ये पाचशेहून जास्त जोड्यांत एकच पिल्लू जगलं. नुसते मोठे पक्षी मोजणाऱ्याला सगळं आलबेल वाटलं असतं.

दर्याखोर: पेलिकन तर माझ्याच बाजूने साक्ष देतात. एक रसायन, उगम ठाऊक, १९७२ मध्ये अमेरिकेत बंदी आली, २००९ मध्ये पेलिकन संकटग्रस्त यादीतून बाहेर. पॅसिफिकमधल्या मिडवे बेटावर जुन्या इमारतींच्या रंगाचे पोपडे अल्बट्रॉसची पिल्लं खायची, शिशाने त्यांचे पंख लुळे पडायचे. वर्षाला दहा हजारांपर्यंत पिल्लं दगावत असावीत, असा अंदाज होता. तिथे सफाई केली ते योग्यच. प्रदूषण जिथे बोट दाखवून बंद करता येतं तिथे जरूर करा. आख्खा महासागर गाळत बसू नका.

गावठी_शंका: म्हणजे पहिला मुद्दा मागे घेतला म्हणायचं.

दर्याखोर: मी 'आधी' म्हटलं होतं, 'फक्त' नाही. पुन्हा वाचा.

मीठभाकर: पण ही वैऱ्यांची वेगवेगळी यादी करणंच मला चुकीचं वाटतं. पीसीबीसारखी जुनी औद्योगिक रसायनं चरबीत साठतात. पक्षी उपाशी पडला की चरबी वितळते आणि ते विष रक्तात उतरतं. म्हणजे अन्न कमी झालं की जुनं प्रदूषण नव्याने बाधतं. तुमच्या उपाशी पक्ष्यांचा हिशेब मग कुठल्या खात्यात?

दर्याखोर: तत्त्व मान्य. पण अलास्कातले पक्षी मासे न मिळाल्याने मेले, तिथे पीसीबी ओढून आणायची गरज नाही. आणि गळाला उपाय तयार आहे: रात्री दोर सोडा, दोराला वजन लावा, पक्ष्यांना हुसकायला बोटीमागे फडफडत्या फिती बांधा. दक्षिण अटलांटिकमधल्या दक्षिण जॉर्जिया बेटाजवळ असल्या नियमांनी हे मृत्यू जवळजवळ थांबले. प्लास्टिकवर एवढा चोख उपाय कुणाकडे असेल तर सांगा, मी लगेच बाजू बदलतो.

शिंपला_७: आहे की. कमी बनवा. डीडीटी काय समुद्रातून गाळून काढलं होतं?