फॉर्ममध्ये न मावणारं काम

हॉस्पिटलात तरुण डॉक्टरांचं स्पेशलिस्ट होण्याचं प्रशिक्षण चालवणारा प्रोग्रॅम डायरेक्टर म्हणजे रोटेशनचं (कोण कधी कोणत्या विभागात, याचं) वेळापत्रक, मूल्यमापन आणि मान्यतेची कागदपत्रं, असं म्हटलं जातं. हा मुद्दा मला अर्धाच पटतो. ते काम निदान कुठेतरी लिहिलेलं असतं. उरलेलं कुठेच नसतं.

अमेरिकेत २००३ पासून रेसिडेंटसाठी, म्हणजे हे प्रशिक्षण घेणाऱ्या डॉक्टरांसाठी, आठवड्याला ८० तासांची मर्यादा आहे, चार आठवड्यांची सरासरी धरून. पण ७९ तास भरलेला रेसिडेंट आतून किती खचलाय, ते तासांच्या नोंदीत दिसत नाही.

मी काही वर्षं हे पद सांभाळलं. पहिल्या वर्षाच्या एका रेसिडेंटचा पेशंट पहाटे गेला. सकाळच्या राउंडला तिने बाकीच्या केसेस नीट मांडल्या, पण हातातल्या यादीवरचं ते नाव तिने खोडलं नव्हतं. राउंडनंतर मी नुसता शेजारी बसलो. बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "सर, पोटॅशियमचा रिपोर्ट मी उशिरा पाहिला का?" दोघांनी मिळून चार्ट उघडला, एकेक वेळ ताडून पाहिली. उशीर झाला नव्हता. तिला ते माझ्या तोंडून ऐकायचं नव्हतं, स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं होतं.

शिफारसपत्रं, घरची आजारपणं, ओरडणाऱ्या सीनियरला समज देणं, हेही आलंच. मात्र डायरेक्टरने समुपदेशक होऊ नये. ज्याच्या हातात मूल्यमापन, त्याच्यापुढे कोणी पूर्ण मोकळं होत नाही. आणि समुपदेशकाचा नुसता नंबर देऊन थांबू नका, ड्युटी बदलून तिथे जायला वेळही काढून द्या.