कट्ट्यावर शुगरची बाटली कोण विकतंय? (सोसायटी ग्रुप, परळ)

रूपाली सावंत, बी-२०४: नमस्कार. काल संध्याकाळी आमचे अण्णा कट्ट्यावर घामाघूम होऊन बसल्या जागी कलंडले. शुगर ५४, म्हणजे फारच खाली. वॉचमननी हाक मारली म्हणून कळलं. आता बरे आहेत. पण त्यांच्या उशाशी ‘शुगर मुळापासून घालवा’वाली बाटली सापडली, अर्धी संपलेली. आपल्याच कट्ट्यावरून घेतलीये. नाव घेत नाही, ज्यांना कळायचं त्यांना कळलं.

शिरोडकर काका, ए-१०३: रूपालीताई, आधी अण्णांना जपा 🙏 मी काही विकत नाही, माहिती देतो. संपूर्ण आयुर्वेदिक आहे. आयुर्वेदिकला साइड इफेक्ट नसतो.

रूपाली: १,४५० रुपये घेऊन दिलेली माहिती का काका?

नितीन, बी-५०१: वॉटर फिल्टरच्या वेळीही माहितीच होती 😄

शिरोडकर काका: नितीन, तो विषय जनरल बॉडीत संपलाय.

पाटील (सेक्रेटरी): कृपया वैयक्तिक आरोप नकोत. अण्णांची काळजी घ्या.

गावडे, बी-७०२: बी विंगची लिफ्ट चौथ्यावर अडकतेय, त्याचं कधी बघणार?

कदम सिस्टर, ए-३०१: गावडे, थांबा जरा. रूपाली, बाटलीवर काय काय लिहिलंय ते टाक. आणि अण्णांच्या गोळ्यांची नावं.

रूपाली: कारलं, जांभळाच्या बिया, मेथी, गुडमार, दारुहळद. गोळ्या: शुगरची ग्लिमेपिराइड-मेटफॉर्मिन, बीपीच्या टेल्मिसार्टन आणि मेटोप्रोलॉल, कोलेस्टेरॉलची एक. आणि काल एकादशी होती. सकाळची गोळी घेतली, दिवसभर फक्त चहा आणि दोन केळी.

कदम सिस्टर: मग बरोबर. मी केईएम हॉस्पिटलच्या वॉर्डात अशी माणसं आयुष्यभर बघितली आहेत, म्हणून सविस्तर लिहिते. सगळ्यांनी वाचा, घरोघरी एक तरी शुगरवाला आहे.
ग्लिमेपिराइड स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते. पोटात अन्न आहे की नाही ते ती बघत नाही. वरून बाटलीतली दारुहळद. तिच्यात बर्बेरीन नावाचं द्रव्य असतं, तेही शुगर उतरवतं. मेथी, गुडमार त्याच दिशेने ओढणार. आणि उपास. तिन्ही एकत्र आल्यावर शुगर पडणारच.
मेटोप्रोलॉल चालू असलं की शुगर पडताना होणारी धडधड, थरथर झाकली जाते. घाम मात्र फुटतो. म्हणून अण्णांसारख्यांना अवेळी घाम आला की आधी बोटाला सुई.
७० च्या खाली असेल तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्या, १५ मिनिटांनी परत मोजा, कमी असेल तर परत द्या. पेढा, चॉकलेट नको, त्यातल्या स्निग्धामुळे साखर उशिरा चढते. वर आली की पोळी-भाजी खायला घाला, कारण या गोळीचा जोर बराच वेळ टिकतो, शुगर पुन्हा पडू शकते. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही ओतू नका, १०८ लावा.
आणि शुगर ठीक असूनही घाम, धाप, मळमळ असेल तर ‘गॅस झालाय’ म्हणून बसू नका. मधुमेहात नसा बोथट होतात, हार्ट अटॅक छातीत न दुखताही येतो. तेव्हाही १०८.

रूपाली: सिस्टर, खूप आभार. डॉक्टरांना फोन केला, त्यांनी गोळी बदलली. बाटलीचं त्यांना आम्ही कुणीच सांगितलं नव्हतं.

शिरोडकर काका: सिस्टर, तुमचा मान राखून सांगतो. वर्षानुवर्षं लोक कारल्याचा रस पितात. आयुर्वेदिकला साइड इफेक्ट नसतो.

कदम सिस्टर: काका, बाटलीने शुगर उतरते असं तुम्हीच सांगता. गोळीनेही उतरते. दोन्ही एकदम घेतलं तर किती उतरेल हे कट्ट्यावर कुणी मोजलं? चांगला वैद्यसुद्धा नाडी बघतो, आधी कोणती औषधं चालू आहेत ते विचारतो. तुम्ही विचारलंत का?

ॲड. देशपांडे, ए-५०४: कायद्याचं सांगतो. मधुमेह बरा करतो अशी जाहिरात करायला १९५४ च्या औषधी व जादूई उपाय कायद्याने बंदी आहे. आणि फूड सप्लिमेंटच्या लेबलवर ‘औषधी वापरासाठी नाही’ हे छापावं लागतं. रूपाली, मागे बारीक अक्षरात बघा.

रूपाली: आहे. भिंगाने वाचलं.

शिरोडकर काका: आता सोसायटीतली माणसं कोर्टात खेचणार का मला?

पाटील (सेक्रेटरी): कुणी कुणाला खेचत नाहीये काका 🙏

जोशी काकू, ए-२०२: सिस्टर, हार्टसाठी माझा मुलगा पुण्याहून फिश ऑइलच्या कॅप्सूल आणतो. त्या तरी चालतील ना? महागाच्या आहेत.

कदम सिस्टर: काकू, मधुमेहाच्या १५,४८० जणांवर ब्रिटनमध्ये मोठी चाचणी झाली, २०१८ साली निकाल आला. रोज एक ग्रॅमची कॅप्सूल घेणाऱ्यांना आणि न घेणाऱ्यांना हार्ट अटॅक, पक्षाघात जवळपास सारखेच. डॉक्टरांनी खास कारणासाठी मोठा डोस दिला असेल तर वेगळं. नाहीतर त्या पैशात आठवड्यातून दोनदा बांगडा, तारली आणा. तळू नका, कालवण करा.

परब वहिनी, ए-४०१: बघा! आणि आमच्याकडे बांगडा शिजला की पॅसेजमध्ये उदबत्त्या लावतात लोक.

जोशी काकू: उदबत्ती मी देवासाठी लावते. दरवाजा बंद करून शिजवायला कुणी अडवलंय का?

नितीन: झालं. ए विंग सुरू 🍿

परब वहिनी: सुकटीचं सांगितलं असतं तर ठीक होतं, ताजा बांगडा वासाचा नसतो हो.

पाटील (सेक्रेटरी): विषयावर राहूया.

कदम सिस्टर: जे मासे खात नाहीत त्यांनी जवसाची चटणी, अक्रोड. काकू, तुम्ही ते ‘कमी सोडियम’चं मीठ वापरता ना? पाकीट बघा, त्यात पोटॅशियम क्लोराइड असतं. तुमची टेल्मिसार्टन चालू आहे, क्रिएटिनिन, म्हणजे किडनीचा आकडाही वाढलाय म्हणाला होतात. या दोन्हींमुळे शरीरात पोटॅशियम साचू शकतं, आणि ते साचलं तर हृदयाचे ठोके बिघडतात. डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते मीठ नको. साधं मीठच, पण दिवसाला सगळं मिळून चमचाभराच्या आत. लोणचं-पापड त्यात धरून.

जोशी काकू: अगं बाई. हे तर मी ‘हृदयासाठी चांगलं’ वाचून आणलं.

गावडे: लिफ्ट. परत. चौथा मजला.

म्हात्रे, बी-३०३: सिस्टर, मला तळपायाला मुंग्या येतात, गादीवर चालल्यासारखं वाटतं. मेटफॉर्मिन बरीच वर्षं आहे. नसांच्या ताकदीचं टॉनिक घेऊ?

कदम सिस्टर: टॉनिक नंतर, आधी बी१२ तपासा. मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेतली की ते कमी होतं, शाकाहारी माणसात जास्तच. कमी निघालं तर बी१२ खरोखर लागतं, तेव्हा ते घ्यायचंच. शुगरमुळेही नसा जातात, म्हणून पायाची तपासणी करून घ्या. आणि म्हात्रे, सोमवारी रात्री सिद्धिविनायकाला अनवाणी चालत जाता, ते बंद. मागे तुमच्या टाचेत काचेचा तुकडा मोज्याला रक्त लागेपर्यंत तुम्हाला कळला नव्हता.

म्हात्रे: नवस आहे सिस्टर.

कदम सिस्टर: बाप्पा चपला घालून आलेल्यालाही ओळखतो. देवळाबाहेर काढा. रात्री रोज तळवे आरशात बघा.

प्रिया, बी-६०३: आमच्या बाबांनी साखर सोडून गूळ धरलाय, चालतो ना?

कदम सिस्टर: शुगरला दोन्ही सारखेच. त्यापेक्षा ताटात आधी कोशिंबीर, उसळ, मग भाकरी किंवा भात असं सांग. त्याने जेवणानंतरचा आकडा कमी चढतो. आणि जेवल्यावर पंधरा मिनिटं आवारात चालणं.

नितीन: चालायला जागा? तिथे शिरोडकरांची गाडी असते.

शिरोडकर काका: आता पार्किंगवर पण मीच?

पाटील (सेक्रेटरी): निर्णय सांगतो. आवारात, कट्ट्यावर, ग्रुपवर औषध किंवा सप्लिमेंट विकायचं नाही. रविवारी १० वाजता ऑफिसमध्ये सिस्टर बसतील. घरात जे काही चालू आहे, गोळ्या, चूर्ण, काढे, पावडरी, सगळं पिशवीत घालून आणा. त्या यादी करून देतील, ती आपापल्या डॉक्टरांना दाखवायची. लिफ्टवाला उद्या येतोय.

शिरोडकर काका: सावंतांचे पैसे परत देतो. पण माझी स्वतःची शुगर यानेच आटोक्यात आहे, हे कुणी बोलत नाही. आयुर्वेदिकला…

कदम सिस्टर: काका, एचबीए१सी कधी केलंत?

शिरोडकर काका: घरी मोजतो. उपाशीपोटी ११८ येते.

कदम सिस्टर: तो एका सकाळचा आकडा झाला. एचबीए१सी मागच्या तीनेक महिन्यांची सरासरी सांगतं. सोबत किडनीसाठी लघवीतलं अल्ब्युमिन आणि डोळ्यांचा पडदा तपासायचा. तुमच्या भावाची किडनी कशाने गेली ते तुम्हाला माहीत आहे. उद्या माझ्याबरोबर लॅबमध्ये चला.

शिरोडकर काका: उपाशी यायचं?

कदम सिस्टर: नाही, त्याला उपाशी लागत नाही. नाश्ता करून साडेआठला गेटवर या. बाटली पण आणा.