लघुभयकथेची सद्यस्थिती

भयकथा आता कादंबरीकडे आणि पडद्याकडे सरकली असून लघुकथेत नवे काही घडत नाही, हे मत मला पटत नाही. अर्जेंटिनाच्या मारियाना एन्रीकेस यांचा कथासंग्रह २०२१ मध्ये आणि दक्षिण कोरियाच्या बोरा चुंग यांचा २०२२ मध्ये आंतरराष्ट्रीय बुकर पुरस्काराच्या अंतिम यादीत होता.

एन्रीकेस यांच्या एका कथेत काही मुले ओसाड घरात शिरतात, त्यांतील एक मुलगी एका दारापलीकडे जाते आणि पुन्हा कधीच सापडत नाही. लेखिका त्याचे स्पष्टीकरण देत नाही, आणि १९७६ ते १९८३ या लष्करी राजवटीत हजारो माणसे ज्या देशात ‘बेपत्ता’ झाली, तिथे हे मौन किती बोलके ठरते हे वेगळे सांगायला नको. हीच गोष्ट चारशे पानांत लिहिली असती, तर दारामागे काय होते हे कुठेतरी सांगावेच लागले असते. (कादंबरीकारांनी राग मानू नये.)

चुंग यांची रीत अगदी निराळी आहे. शौचकूपातून डोके वर काढून एका बाईला ‘आई’ म्हणणारा त्यांचा जीव किळसवाणा आहे, हास्यास्पद आहे आणि हळूहळू भयंकर होत जातो. कथनाचा स्वर मात्र शेवटपर्यंत कोरडा राहतो. धक्कातंत्राला सरावलेल्या वाचकांनी अमेरिकन संपादक एलन डॅटलो यांनी २००९ पासून संपादित केलेली भयकथांची वार्षिक संकलनेही पाहावीत. त्यांतील निवड मला नेहमीच पटते असे नाही, पण आवाका मोठा आहे.