कोंडाईबारी घाटात इंजिन तापलं तर काय करायचं? (मे महिना, जळगाव–सुरत)

तापीकाठ:
१० वर्षं जुनी पेट्रोल हॅचबॅक आहे. मे महिन्यात जळगाव–धुळे–साक्री–नवापूर–सुरत असं जाऊन यायचंय. सोबत आई आणि दोन लहान मुलं. मोकळ्या रस्त्यावर तापमानाचा काटा मध्यावर असतो. गर्दीत एसी चालू असला की वर सरकतो, गाडी पळायला लागली की खाली येतो. घाटात लाल पट्ट्यात गेला तर काय करायचं? निघण्याआधी काय तपासू?

फ्यूजबॉक्स:
भाऊ, तुमचं वर्णन रेडिएटरच्या पंख्याकडे बोट दाखवतंय. गाडी वेगात असली की वारा आपोआप लागतो. हळू चालताना सगळी भिस्त पंख्यावर. गाडी उभी करून इंजिन आणि एसी चालू करा. थोड्याच वेळात पंखा फिरला पाहिजे. नाही फिरला तर आधी फ्यूज, मग रिले (पंख्याला वीज जोडणारा छोटा स्विच), मग मोटर, याच क्रमाने बघा. फ्यूज बॉक्सच्या झाकणाच्या आत नकाशा असतो. हॉर्नचा रिले त्याच नंबरचा असेल तर अदलाबदल करून बघा, दोन मिनिटांचं काम.

पंखा ठीक असेल तर जाळी बघा. कंडेन्सर (एसीची जाळी) आणि रेडिएटरच्या फटीत धूळ, किडे आणि आपल्याकडे कापसाचे तंतू अडकून नमदा बसतो. इंजिनच्या बाजूने बाहेर, साध्या नळाच्या पाण्याने धुवा. प्रेशरच्या फवाऱ्याने पत्र्या वाकतात.

आणखी एक. सुरतेकडे जाताना कोंडाईबारी उतार आहे. चढ लागतो तो परतताना, विसरवाडीकडून दहिवेलकडे. त्यामुळे परतीला नवापूर पहाटेच सोडा. चढावर टॉपच्या गिअरमध्ये इंजिन गुदमरवू नका, खालचा गिअर टाका. बहुतेक गाड्यांत वॉटर पंप इंजिनच्या फेऱ्यांवरच चालतो, फेरे कमी झाले की पाण्याचा प्रवाहही मंदावतो.

घाटमाथा:
काटा चढू लागला की एसी बंद, हीटर पूर्ण गरमवर आणि ब्लोअर फुल. मे महिन्यात नको वाटेल, पण हीटरची जाळी म्हणजे छोटा रेडिएटरच, इंजिनची उष्णता तिथून बाहेर पडते. काचा खाली करा. तरी उतरला नाही तर वळण सोडून सरळ रस्त्यावर, डावीकडे गाडी लावा. वाफ किंवा गोड वास आला, तर इंजिन ताबडतोब बंद.

रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही. आतलं कूलंट (इंजिन गार ठेवणारं पाणी) दाबाखाली असतं, म्हणून १०० अंशांच्या वरही उकळत नाही. झाकण सैल केलं की दाब जातो, ते एकदम उकळून चेहऱ्यावर उडतं. निदान ४५ मिनिटं थांबा, वरच्या होजपाइपला हात ठेवता आला पाहिजे. मग झाकणावर जाड फडकं ठेवून हळूहळू फिरवा. पाणी थोडं थोडं ओता. तापलेल्या इंजिनात गार पाणी गेलं तर अॅल्युमिनियमचं हेड (इंजिनचा वरचा भाग) वाकू किंवा तडकू शकतं.

आई आणि मुलांना गाडीत बसवून ठेवू नका, रस्त्यापासून दूर सावलीत बसवा. इशाऱ्याचा लाल त्रिकोण वळणाच्या अलीकडे ठेवा. चाकाला दगड लावलात तर निघताना तो उचलाच, मागून येणाऱ्या मोटारसायकलवाल्याचा जीव त्यावर असतो. राष्ट्रीय महामार्गाची मदत १०३३.

होज_क्लिप:
सोबत ५ लिटरचा पाण्याचा कॅन (पिण्याचं वेगळं), १ लिटर तयार कूलंट, दोन होज क्लिप, रबरी टेप, पाना, जाड फडकं. पाइप टोकाशी चिरला असेल तर तेवढा तुकडा कापून परत बसवता येतो. अडचणीत बोअरचं पाणी चालेल, पण त्यातल्या क्षारांचा थर आत बसतो. घरी आल्यावर फ्लश करून (सगळं पाणी काढून आतून धुवून) नवं कूलंट भरा.

थर्मोस्टॅटही (कूलंटची वाट उघडणारी झडप) बघा. काटा वर असताना वरचा पाइप चटका देणारा आणि खालचा गार असेल, तर तो अडकलेला असू शकतो. ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ साय दिसली किंवा कूलंटच्या टाकीत सतत बुडबुडे येत असले, तर हेड गॅस्केट (हेडखालचं सील) गेलं असण्याची शक्यता आहे. मग पाणी ओतत पुढे रेटू नका, टो करा.

तापीकाठ:
एसी लावून पाहिलं, पंखा फिरत नाही. हॉर्नचा रिले त्याच नंबरचा होता, तो लावला आणि फिरला!

फ्यूजबॉक्स:
मग रिलेच गेलाय, नवा टाका. टाकण्याआधी सॉकेटच्या पिना बघा. काळी पडलेली किंवा सैल पिन असेल तर तिथेच गरम होऊन नवा रिलेही जळेल, ती बदलून घ्या. आणि हॉर्नचा रिले जागेवर लावा, घाटात हॉर्न लागतोच.