पलंगाचे ठोकळे आणि राईची उशी

मंडळी, नमस्कार.

बायकोला आठवा सरत आलाय. इथे नेदरलँड्समध्ये बाळंतपणानंतर घरी येऊन आई-बाळाचं बघणाऱ्या क्रामझोर्गवाल्यांचा फोन आला होता: बाळंतिणीचा पलंग जमिनीपासून 80 सेंटिमीटर उंच हवा, नाहीतर त्यांच्या बाईंची कंबर जाते. आमचा पलंग जेमतेम गुडघ्याला लागतो. पायांखाली लावायचे ठोकळे कोणाकडे पडून आहेत का? दहा दिवसांसाठी विकत घेणं जिवावर आलंय.

दुसरं म्हणजे, आई पुढच्या आठवड्यात मिरजेहून येतेय. बॅगेत सहाण, बाळगुटीचा डबा, राईची उशी, धुरीचा ओवा आणि मध. इथल्या बाई रोज घरी येणार, आणि दोघींच्या मधे मी. बायकोने बजावलंय, "काय ते आधी ठरवा, माझ्या उशाशी वाद नकोत." काय ठेवायचं, काय नाही?

— हॉफडॉर्पहून, होऊ घातलेला बाबा

---

अरे, अभिनंदन! ठोकळे माझ्याकडे होते, ते सध्या रोटरडॅमला कोणाकडे तरी आहेत. पण दुसऱ्या प्रश्नावर लिहिल्याशिवाय राहवत नाही, कारण दोन वर्षांपूर्वी हीच जुगलबंदी आमच्या घरी झाली. आम्हाला क्रामझोर्गचे 8 दिवसांत 49 तास मिळाले होते. हल्ली माणसं कमी आहेत, तास कापतात, तेव्हा आधी विचारून ठेव.

तू समजतोस तेवढं दोघींचं वाकडं नाही. पहिल्याच दिवशी बाईंनी पत्र्याची गरम पाण्याची बाटली कापडी पिशवीत घालून पाळण्यात ठेवली, बाळाला न टेकवता. सासूबाई म्हणाल्या, "ही तर आपली शेगडीच!" पाहुण्यांसाठी बेस्खाउत या गोल टोस्टवर माउशेस नावाच्या बारीक गोळ्या आल्या, त्या चावून बघत सासूबाई म्हणाल्या, "अगं, साखरेत घोळलेली बडीशेप!" बडीशेप नव्हे, तिची चुलतबहीण ॲनिस, पण इथेही दूध उतरावं म्हणूनच ती बाळंतिणीला देत आलेत. त्यांनी लगेच बाळंतशेपांची पुडी बाईंच्या हातावर ठेवली. आंघोळीची बादली बघून मात्र त्या हसत सुटल्या. बाळाला बादलीत बसवतात का कोणी? बसवतात रे, 37 अंशांच्या पाण्यात, आणि बाळ गप्प होतं. मालिश तर बाई खुर्ची ओढून बघत बसायच्या. नाळेला तेल लागू द्यायचं नाही, नाका-कानात तेल नाही, एवढंच सांगितलं.

मध मात्र अजिबात नाही, वर्ष होईपर्यंत बोटभरही नाही. त्यात बोट्युलिझमच्या जंतूंचे बीजाणू असू शकतात. मोठ्यांच्या आतड्यात ते रुजत नाहीत, तान्ह्याच्या रुजू शकतात. हे सासूबाईंना पटलं. गुटीवरून चार दिवस अबोला होता. सहा महिने आईच्या दुधाशिवाय पाणीसुद्धा नको, आणि जायफळाचे दोन वळसे म्हणजे नक्की किती, हे सहाणेला तरी कुठे माहीत? इथे आठव्या दिवसापासून 10 मायक्रोग्रॅम ड जीवनसत्त्वाचे थेंब देतात. शेवटी ते रोज सासूबाईंनीच द्यायचे असं ठरलं, आणि अबोला सुटला.

राईची उशी पाळण्यात नको. बाळ पाठीवर, खाली घट्ट गादी, आसपास गोधड्यांचा ढीग नाही, झोपताना टोपडंही काढायचं. डोकं गोल राहायला मान एकदा या अंगाला, एकदा त्या अंगाला वळवून निजवायचं. धुरीचा निकाल अलार्मनेच लावला. 1 जुलै 2022 पासून इथे प्रत्येक मजल्यावर तो सक्तीचा आहे. ओवा निखाऱ्यावर पडला आणि अख्खा जिना आमच्या दारात. तसाही तो धूर बाळाच्या छातीला बाधतोच.

खरी कसोटी तिसऱ्या दिवशी. 3180 ग्रॅमचं बाळ 2950 वर आलं. सासूबाई रडवेल्या: "दूध पुरत नाहीये, डबा आणा." बाईंनी वहीत आकडा लिहिला आणि शांतपणे म्हणाल्या, सात टक्के, चालतं, दहाकडे गेलं तर मिडवाइफला बोलावते. मीही त्या दिवशी विनाकारण रडत होते. इथल्या भाषेत त्याला "बाळंतपणाचे अश्रू" असा शब्दच आहे, तो ऐकून मला बरंच हलकं वाटलं. दूध पोटात जातंय का ते कळावं म्हणून आम्ही ओले लंगोट मोजत बसलो, आणि बाराव्या दिवशी जन्माचं वजन परत आलं.

आईला एक नक्की सांग: ताप 38 झाला, किंवा बाळ पिवळं पडून पेंगायला लागलं, दूध ओढेना, तर कोवळं ऊन दाखवत बसायचं नाही, फोन करायचा. आणि हे सगळं तू सांग, सुनेच्या तोंडून नको.

— ॲमस्टेलवेनची ताई

---

ताईंनी सगळं लिहिलंच आहे. फक्त जन्माची नोंद 3 दिवसांत पालिकेत करायची असते, ती नेहमी बाबाच विसरतो. आणि तपासणीसाठी बाळाच्या टाचेतून रक्त घ्यायला माणूस घरी येईल तेव्हा आजीला आधी कल्पना द्या. आमच्या आईने त्याला दारातूनच परत पाठवला होता.

— आइंडहोव्हनचे काका

---

ठोकळे आमच्याकडे आहेत! शनिवारी घेऊन येते. तीनच सापडले, चौथा बाल्कनीच्या दाराला अडसर म्हणून लावलाय, तो काढते.

— रोटरडॅमहून